राखणीला नेलेला लॅपटॉप

नवा लॅपटॉप घरात येऊन पावणेदोन महिने झाले. रोज सकाळी मी त्याच्यासमोर बसतो आणि रोज उठताना मला त्याची शिसारी येते. लोक नव्या वस्तूबद्दल सांगतात तेव्हा ती किती हलकी आहे, किती तास चालते, पडदा किती स्वच्छ दिसतो वगैरे सांगतात. ते सगळं ह्याच्यात आहे. हलका आहे, चालतो, दिसतो. तरी झाकणावर हात ठेवला की काहीतरी ओशट चिकटल्यासारखं वाटतं आणि मी हात लुंगीला पुसतो.

ओशटपणा माझाच आहे, ह्यात शंका नाही. डोक्याला खोबरेल थापायची सवय लहानपणापासूनची. तोच हात बटणांवर फिरतो. मनगटं टेकतात त्या दोन जागी आता दोन काळपट डाग पडलेत, खाटेच्या उशाशी भिंतीवर पडतात तसे. पहिल्याच आठवड्यात मी त्याच्यासमोर बसून खाजा खाल्ला. खाजा म्हणजे आमच्या जत्रेतला, बेसनाच्या कांड्यांवर आल्याचा गूळ चढवलेला. त्याचा चुरा बटणांच्या फटींत गेला आणि तिसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या. बारीक, तांबड्या. मी काहीतरी वाचत असलो की पडद्यावरच्या ओळींमधून एखादी निवांत चालत जायची. शेवटी एक दिवस वर्तमानपत्र पसरून त्यावर लॅपटॉप उलटा धरला आणि पाठीवर थापट्या मारल्या. गुळाचा चुरा पडला, पांढरे केस पडले, माझ्याच कातडीचा कोंडा पडला आणि शेवटी झुरळाचं एक मेलेलं पिल्लू.

"शी! ह्या सगळा तुमच्या लिवण्यातसून पडला?" बायको म्हणाली.

मी वर्तमानपत्राची घडी केली. तिचं खोटं नव्हतं.

माझी नोकरी ओरोसला, सरकारी कचेरीत झाली. गाव मालवण तालुक्यातलं, पण समुद्रापासून चांगलंच आत. तीस वर्षं सकाळच्या एसटीने गेलो आणि संध्याकाळच्या एसटीने आलो. काम टिपणं लिहिण्याचं. "उपरोक्त विषयास अनुसरून" ह्या तीन शब्दांवर मी घर चालवलं, मुलगी शिकवली. ती आता पुण्याला असते. मी निवृत्त झाल्यावर तिने सांगितलं, "बाबा, तुम्ही आठवणी लिहा. छान लिहाल." झालं. मला पंख फुटले. सावंतवाडीला जाऊन लॅपटॉप आणला. बायकोने त्याला देव्हाऱ्यापुढे ठेवून हळदकुंकू लावलं, आणि तेव्हापासून झाकणाच्या बिजागरीत एक लाल रेघ बसलीय, ती अजून निघत नाही.

आठवणी काय लिहिल्या? काही नाही. त्या लॅपटॉपमध्ये एक मदतनीस आहे. माणूस नव्हे, आतलाच. आपण काही विचारावं, त्याने लिहून द्यावं. मी आमच्या विहिरीबद्दल चार ओळी लिहिल्या आणि कशा वाटतात विचारलं. तो म्हणाला, "अप्रतिम सुरुवात! तुमच्या लेखनात मातीचा सुगंध आहे." कचेरीत असं कौतुक करणारे मी पुष्कळ बघितलेत. त्यांना दुसऱ्या दिवशी रजा हवी असायची. ह्याला काय हवं होतं देव जाणे, पण मी पाघळलो. त्या दिवसापासून सकाळी चहाच्या आधी मी त्याच्यासमोर हजर. मी चार ओळी लिहायच्या, त्याने चोपडून चाळीस करायच्या, आणि मी त्या आपल्याच असल्यासारख्या वाचून खूश व्हायचं. दुसऱ्याने चावून दिलेला घास म्हाताऱ्याने मिटक्या मारत खावा, तसला तो प्रकार. आज आठवलं तरी तोंड कडू होतं.

आता खरं सांगायचं ते दादाबद्दल.

दादा माझा थोरला भाऊ. त्याचं घर आणि माझं घर एकाच खळ्याभोवती, समोरासमोर. तो कधी नोकरीला गेला नाही. भात, काजू, थोडी आंब्याची कलमं, एवढ्यावर त्याचं आयुष्य. आणि गाऱ्हाणं. आमच्या वाडीतलं गाऱ्हाणं तोच घालायचा. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून वाडीच्या वतीने मोठ्याने मांडलेलं म्हणणं. एकाने बोलायचं आणि प्रत्येक वाक्य संपलं की बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्या एका "व्हय म्हाराजा"वर बोलणारा पुढे जातो. आमच्या आजोबांनी घातलं, वडलांनी घातलं, नंतर चाळीस वर्षं दादाने. मी त्या चाळीस वर्षांत मागे उभा राहून फक्त "व्हय" म्हटलं.

वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं गाऱ्हाणं राखणीचं. भात झोडून घरात आलं आणि काजूला मोहर यायच्या आधी एका रविवारी आम्ही शेताच्या राखणदाराला राखण देतो. मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, किंजळाचं जुनं झाड आहे, त्याच्या बुडाशी एक अनघड दगड. त्याच्यापुढे नारळ, विडा, कोंबडा. वाडीतली अकरा घरं, प्रत्येक घरातला एक तरी पुरुष तिथे येतो. गाऱ्हाणं झालं की कोंबडा तिथेच शिजतो. पण गाऱ्हाण्याशिवाय राखण म्हणजे नुसतीच पार्टी. राखण कधी चुकली नाही, हा दादाचा अभिमान. एरवी तो कशाचाही अभिमान धरणारा माणूस नव्हे.

ह्या वर्षी लावणी आटोपली आणि दादाला अर्धांगाचा झटका आला. पंधरा दिवस दवाखान्यात काढून घरी आला. पाय हळूहळू सुधारला, काठी घेऊन चालायला लागला. उजवा हात लोंबतोच. वाचा मात्र गेली. गेली म्हणजे पार मुका झाला असं नाही. घशातून आवाज यायचा, पण शब्द सगळे एकमेकांत कालवलेले. भात, डाळ, ताक सगळं एकत्र कुस्करावं तसं. समजायचं त्याला सगळं. पहिल्या आठवड्यात त्याने बोलायचा प्रयत्न केला, भेटायला आलेल्या एका पाहुण्याला हसू आवरलं नाही, आणि त्या दिवसापासून दादाने तोंड मिटलं ते मिटलंच. जेवायला हवं असलं तरी काठी आपटायचा.

दसऱ्यानंतर एका संध्याकाळी तो काठी टेकत आमच्या पडवीवर आला. किंजळाच्या दिशेने काठी दाखवली आणि मग माझ्या छातीवर टेकवली. मला कळलं. ह्या वर्षी गाऱ्हाणं तू घालायचंस.

मी म्हटलं, "दादा, माका नाय जमाचा."

त्याने काठी उचलली नाही. तशीच छातीवर टेकवून उभा राहिला, जरा जास्तच दाबून. मी "बरा" म्हटल्यावर गेला. जाताना त्याचा चेहरा मी पाहिला. झटका आल्यापासून पहिल्यांदा त्यावर थोडी तरतरी दिसली. म्हणजे आता राखण चुकू द्यायची की नाही, ते माझ्या हातात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आली. ती कधी काही मागत नाही. दारातच उभं राहून म्हणाली, "भावजी, एकच सांगतंय. ह्यांच्या बोलण्याचा गाऱ्हाण्यात घाला. बाकी काय इसारलात तरी चलात, ह्या इसरू नकात."

"घालतंय गो वहिनी," मी म्हटलं, आणि लॅपटॉप उघडला.

गाऱ्हाणं कधी कोणी लिहून ठेवत नाही. ते लिहिण्याची गोष्टच नाही. पण तीस वर्षं ज्याने कागदाशिवाय "नमस्कार" सुद्धा म्हटला नाही, त्याला दुसरं काय सुचणार? मी मदतनिसाला सांगितलं, शेताच्या राखणदारासाठी गाऱ्हाणे लिहून दे. पाऊण मिनिटात हजर. "हे राखणदार देवा, आमच्या कृषी क्षेत्राचे व त्यावर अवलंबून असलेल्या सर्व कुटुंबांचे सर्वतोपरी रक्षण करून आम्हांस सुख, समृद्धी व निरामय आरोग्य प्रदान करावे, ही नम्र प्रार्थना." खाली विचारलेलं, अधिक भावस्पर्शी करून देऊ का?

मी म्हटलं, दे.

हे सांगताना मला स्वतःची किळस येते, पण खरं ते खरं. मला ते आवडलं. वाटलं, दादाचं गाऱ्हाणं ऐकायला बरं असलं तरी विस्कळीत असायचं, एकाचं झालं की दुसऱ्याचं, मध्येच कोणाची म्हैस, मध्येच कोणाचं लग्न. हे कसं मुद्देसूद आहे. मी त्यात भर घालत गेलो. पीकपाणी घातलं, माकडांचा उपद्रव घातला, वाडीतल्या मुलांच्या नोकऱ्या घातल्या. दादाच्या वाचेबद्दलही घातलं, वहिनीच्या शब्दांत. मग सगळं एकदा नीट करून दे म्हटलं. त्याने नीट केलं. दादाची वाचा पाचव्या मुद्द्यात गेली आणि तो मुद्दा झाला, "सर्व आजारी व्यक्तींना उत्तम आरोग्य लाभो." मी ते वाचलं. माझ्या लक्षात आलं. आणि मी तसंच ठेवलं, कारण ऐकायला बरं वाटत होतं, आणि कारण सर्व आजारी व्यक्तींत दादाही आलाच, असं मी मनाशी म्हटलं. कचेरीत आम्ही लोकांचे अर्ज असेच निकालात काढायचो.

त्या दिवसांत दादा रोज संध्याकाळी यायचा. मला वाटायचं, शिकवायला येतो. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचो, म्हणायचो, "सांग, तू काय काय म्हणतस ता." तो पडद्याकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा. एकदा त्याने तोंड उघडलं, घशातून दोन आवाज काढले, मी अंदाजाने काहीतरी टाइप करायला मान खाली घातली, तेवढ्यात त्याने डावा हात पुढे करून झाकण मिटवलं. माझी बोटं आतच. दुखलं म्हणून नव्हे, पण मला राग आला. एवढं ह्याच्यासाठी मरमर मरतोय आणि ह्याला काही किंमत नाही. मी पाठमोरा होऊन पुन्हा उघडला.

मग त्याने वेगळं सुरू केलं. यायचा, काठीने खुणावून मला उठवायचा आणि शेतावर घेऊन जायचा. मला कंटाळा यायचा. चिखल वाळून त्याची टोचरी ढेकळं झालेली, दादाची चाल गोगलगायीची. तो थांबायचा आणि काठी उचलून काहीतरी दाखवायचा. खालच्या घराचं छप्पर दाखवलं. मी म्हटलं, "व्हय, कौलां नवी घातलीहत." त्याने मान हलवली आणि पुन्हा तेच दाखवलं. मेरेची एक बाजू रानडुकरांनी उकरली होती, ती दाखवली. विहीर दाखवली. वरच्या आवाठात, म्हणजे वरच्या अंगाच्या घरांपाशी, उभी असलेली म्हातारी दाखवली. प्रत्येक वेळी दाखवून झालं की माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. मी काहीतरी बोलावं अशी वाट बघितल्यासारखा. मी म्हणायचो, "चल आता, काळोख पडात." मनात चाललेलं असायचं की अक्षरं आणखी मोठी केली तर चष्म्याशिवाय वाचता येतील का.

बायको एकदा फणकारली. "थोरले तुमका शेतार नेतत आणि तुमी ह्या डब्यात तोंड घालून बसतात. देवाक ह्याच्यातला वाचून दाखवतलात?"

"मुद्देसूद आसलेला बरा," मी म्हटलं.

"देव काय तुमचो सायेब आसा?" ती म्हणाली आणि आत गेली.

पालथ्या घड्यावर पाणी. मी त्याच रात्री आणखी दोन मुद्दे वाढवले.

राखणीच्या रविवारी मी लवकर उठलो. कागदावर छापून आणायचं मनात होतं, पण शनिवारी बाजारात वीज नव्हती. हाताने उतरवून काढायला बसलो तर दोन ओळींत बोटं आखडली, आणि अक्षर असं आलं की माझं मलाच लागेना. दीड महिन्यात पेन धरायची सवय मोडली होती. म्हटलं, लॅपटॉपच नेऊ. अक्षरं मोठी केलेली आहेतच. तेव्हा मला ह्यात काही चुकीचं वाटलं नाही, उलट थोडी ऐटच वाटली. पिशवीत घालून, काखोटीला मारून मी किंजळाखाली पोचलो.

अकरा घरांतले पुरुष आले होते. खालच्या घरातला म्हातारा कोंबडा धरून उभा. दगडापुढे नारळ, पानाचा विडा, तांदूळ मांडून झालेले. दादा मेरेवर एका बाजूला बसला होता, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये. मी एक टोपली उलटी केली, तिच्यावर लॅपटॉप ठेवला आणि झाकण उघडलं. कोणी काही बोललं नाही. पण आपलं मालवणी माणूस काही न बोलता किती बोलतं ते मला माहीत आहे. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एकाने विडी विझवली, ती हसू लपवायला.

गाऱ्हाणं घालताना डोकं उघडं ठेवत नाहीत. मी टॉवेल गुंडाळला, कपाळाला कुंकू लावलं, हात जोडले आणि वाचायला सुरुवात केली.

"हे राखणदार देवा, आमच्या कृषी क्षेत्राचे व त्यावर अवलंबून असलेल्या सर्व कुटुंबांचे..."

"व्हय म्हाराजा," दोघेतिघे म्हणाले.

वाक्य संपलं नव्हतं. मी पुढे गेलो, "सर्वतोपरी रक्षण करून आम्हांस सुख, समृद्धी व..." पुन्हा एक जण म्हणाला, बाकीचे थांबले. मग खरोखर वाक्य संपलं तेव्हा कोणीच म्हणालं नाही. मी वर पाहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते, कुठे म्हणायचं ते न कळून. दुसऱ्या मुद्द्यालाही तेच. माझी वाक्यं वळण घेत घेत जात होती आणि ती माणसं रस्त्याच्या कडेला गाडीची वाट बघत उभी राहावीत तशी उभी होती. माझ्या आवाजात कचेरीचा स्वर आला होता, मलाच ऐकू येत होता. मी दादाकडे बघायचं टाळलं.

तिसऱ्या मुद्द्यावर पडदा काळा झाला.

बिघडला नव्हता. काही वेळ बोट लावलं नाही की तो झोपतो, एवढंच. मी बटण दाबलं. तो जागा झाला आणि माझा चेहरा शोधायला लागला. घरी मी समोर बसलो की तो ओळखतो आणि उघडतो, त्यामुळे आकड्यांची खूण मी पहिल्या दिवसानंतर कधी वापरलीच नव्हती. आता त्याच्यापुढे टॉवेलवाला, कुंकू लावलेला, पाठीमागून ऊन येणारा कोणी माणूस उभा होता. त्याने लिहून दाखवलं, ओळख पटली नाही. मी वाकलो. ओळख पटली नाही. आणखी वाकलो, दगडापुढे नव्हे, त्याच्यापुढे. टॉवेल मागे सारला. ओळख पटली नाही. मग आकडे घालायला गेलो. मुलीच्या जन्माचं साल घातलं, लागलं नाही. माझं घातलं, लागलं नाही. कुंकवाचं बोट बटणावरून घसरत होतं आणि सगळ्या आकड्यांवर लाल चिकट ठसे उठले होते. फटीतून एक मुंगी वर आली आणि माझ्या बोटावर चढली. मी ती झटकली. तो डबा उचलून मेरेपलीकडे भिरकावून द्यावा असं वाटलं.

"काय झाला रे? रेंज गावणा नाय काय?" मागून कोणीतरी म्हणालं. ह्या वेळी सगळे हसले.

"तसाच घाल मरे तोंडान," कोंबडा धरलेला म्हातारा म्हणाला. त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. "ऐकलंस मा इतकी वर्सां."

ऐकलं होतं. चाळीस वर्षं ऐकलं होतं. मी दगडाकडे तोंड केलं, हात जोडले, "बा म्हाराजा" एवढं म्हटलं. "व्हय म्हाराजा" आलं, भरभक्कम, सगळ्यांचं एकदम. आणि पुढे काही नाही. काय मागायचं होतं? कोणासाठी? डोक्यात फक्त मुद्दा क्रमांक तीन, मुद्दा क्रमांक चार. त्यांच्या आत कोणती माणसं होती ते मी गेल्या महिनाभरात पुसून टाकलं होतं. माझ्या कानशिलांवरून घाम वाहायला लागला. हसणारे गप्प झाले. ह्या वर्षी राखण चुकणार, हे सगळ्यांच्या तोंडावर दिसायला लागलं. एकाने नारळ उचलावा की नाही अशा बेताने हात पुढे केला आणि मागे घेतला.

मागे काठी टेकल्याचा आवाज झाला. दादा उठला होता.

तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. काठी डाव्या काखेत धरली, डावा हात छातीशी नेला, उजवा तसाच लोंबता. तोंड उघडलं. तीन महिन्यांत त्याने चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं.

"बाऽ... दे... म्हाऽऽ..."

शब्द नव्हते. घोगरा, ओला आवाज, आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. माझी मान खाली गेली. कोणी हसलं तर मी काय करीन, एवढंच मनात होतं.

"व्हय म्हाराजा!"

अकरा घरांतले सगळे, एकदम, जिथे म्हणायचं तिथेच.

दादाने दम घेतला. काठी उचलून खालच्या घराच्या छपराकडे दाखवली आणि तसल्याच आवाजात काहीतरी बोलला. त्या घरातला मुलगा बोटीवर नोकरीला गेलाय आणि महिनाभर त्याची खबर नाही, हे सगळ्या वाडीला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी दादाला कौलांबद्दल सांगितलं होतं. कोंबडा धरलेला म्हातारा, त्या मुलाचा बाप, त्याने डोळे मिटले आणि सगळ्यांच्या आधी म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

मग उकरलेली मेर. "व्हय म्हाराजा." मग विहीर, जिचं पाणी ह्या वर्षी शिमग्यापर्यंत पुरेल की नाही ह्याची सगळ्यांना धास्ती. "व्हय म्हाराजा." मग वरच्या आवाठातली म्हातारी, जिचं कोणी नाही. एकेक आवाज काढायला त्याला कष्ट पडत होते, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. पण तो एकही घर सोडत नव्हता, आणि लोकही एकदाही चुकत नव्हते. कुठे थांबणार, कुठे चढणार, ते त्याच्या श्वासावरून त्यांना कळत होतं. एकही शब्द न कळता सगळ्यांना सगळं कळत होतं. रोज संध्याकाळी तो मला हेच गाऱ्हाणं शिकवत होता, आणि मी म्हणत होतो की काळोख पडेल.

काठी फिरून संपली. आता तो स्वतःसाठी मागेल असं मला वाटलं. सगळ्यांनाच वाटलं असावं, कारण सगळे जरा पुढे सरकले. मीही हात घट्ट जोडले. वहिनीचं तेवढं तरी त्याच्याच तोंडून देवापर्यंत जाऊ दे.

दादाने काठी सोडून दिली. ती मेरेवरून घरंगळत गेली. डाव्या हाताने त्याने माझं मनगट पकडलं, मला दगडापुढे ओढलं, आणि एकेक तुकडा तोंडातून ढकलत, अगदी सावकाश, सगळ्यांना समजेल असं बोलला.

"ह्ये...का... बो...लूक... ये...वंदे."

ह्याला बोलता येऊ दे.

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मलाही म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.